घोगरा आवाज, मानेला गाठ आणि ताप: लॅरिंगोपायोसीलविषयी वाचकांचे प्रश्न

स्वरयंत्रात पू साठून येणाऱ्या एका दुर्मीळ सुजेबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत. डॉक्टर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं थोडी तांत्रिक आहेत. औषधांच्या मात्रा त्यांच्यासाठी आहेत, घरी वापरण्यासाठी नाहीत.

वडील ५८ वर्षांचे आहेत, तिशीच्या आधीपासून बिडी ओढतात. चार महिने आवाज घोगरा होता, आम्ही थंडीवर ढकललं. मग मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली, ताप आला, घोट गिळवेना. पाच दिवसांच्या गोळ्यांनी गाठ बसली आणि गोळ्या संपताच पुन्हा वर आली. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'मिक्स्ड लॅरिंगोपायोसील' असं लिहिलंय. हे काय असतं? कॅन्सर तर नाही ना? (निफाड)

स्वरयंत्रात दोन खरे स्वरतंतू असतात आणि त्यांच्या वर दोन खोटे. खरा आणि खोटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक आडवी खाच असते. त्या खाचेच्या पुढच्या टोकातून एक लहानशी, एकाच बाजूला तोंड असलेली पिशवी वर जाते. खोटा स्वरतंतू आतल्या बाजूला आणि थायरॉइड कूर्चा, म्हणजे जिचा पुढचा उंचवटा आपण कंठमणी म्हणून ओळखतो ती, बाहेरच्या बाजूला. या दोहोंच्या मधल्या जागेत ही पिशवी असते. तिच्यातल्या ग्रंथींतून पातळ चिकट स्राव झिरपतो आणि खरे स्वरतंतू ओले राहतात. बहुतेक माणसांत तिची उंची १ सें.मी.पेक्षाही कमी असते. ओरांगउटानमध्ये हीच पिशवी मान ओलांडून छातीवर उतरलेली असते, तेव्हा निसर्गाला ती मोठी करणं अवघड नाही.

काही माणसांत ही पिशवी हवेनं ताणली जाऊन मोठी होते. त्याला लॅरिंगोसील म्हणतात. इंग्लंडमधल्या जुन्या पाहणीत त्याचं प्रमाण वर्षाला २५ लाख लोकांमागे १ रुग्ण इतकं कमी आढळलं होतं. पुरुषांत ते बायकांच्या निदान पाचपट, आणि वय बहुधा पन्नाशी-साठीचं. पिशवीचं तोंड सुजेनं किंवा गाठीनं बंद झालं की आत स्राव साचतो, त्यात जंतू वाढतात आणि पू होतो. मग तिला लॅरिंगोपायोसील म्हणतात. लॅरिंगोसीलच्या साधारण १०० रुग्णांतल्या ८ ते १० जणांवर ही पाळी येते.

पिशवी थायरॉइड कूर्चेच्या आतच राहिली तर तिला अंतर्गत प्रकार म्हणतात. कूर्चेच्या वर हायॉइड नावाचं हाड आहे आणि दोघांमध्ये एक पडदा आहे. तो पडदा पार करून पिशवी मानेत आली आणि फक्त तिथेच फुगली तर बाह्य प्रकार. तुमच्या वडिलांचा मिश्र आहे: आत एक कप्पा, बाहेर एक कप्पा, मध्ये पडद्यातून जाणारी बारीक कंबर, असा डमरूचा आकार. आतल्या कप्प्यानं आवाज बिघडवला, बाहेरचा कप्पा गाठ म्हणून दिसला. चार महिन्यांचा घोगरेपणा आणि आठवड्याची गाठ हे दोन आजार नव्हेत.

गोळ्यांनी गाठ बसून परत का आली, हेही यातूनच कळतं. अँटिबायोटिकनं जंतू कमी होतात, पण पिशवीचं अस्तर तसंच राहतं आणि तोंडही बंदच राहतं. स्राव पुन्हा साचतो.

आता कॅन्सरबद्दल. ही पिशवी स्वतः कॅन्सर नाही. पण त्या खाचेत, अगदी पिशवीच्या तोंडाशी, छोटा कॅन्सर असेल तर तोच तिचं तोंड दाबून धरतो, आणि मागे फुगलेल्या पिशवीमुळे तो दुर्बिणीतूनही झाकला जातो. बिडी, चार महिने बिघडलेला आवाज आणि ५८ वर्षं वय, हे सगळं समोर असताना भूल देऊन खाच उघडून पाहणं आणि तुकडा तपासणं टाळता येणार नाही. पू निघाला, ताप उतरला, आता कशाला, असं म्हणून घरी परतू नका. एरवीही तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर दुर्बिणीनं घसा पाहून घ्यायचा असतो. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा बिडी असेल तर त्यात सूटच नाही.

रात्री काय झालं तर लगेच निघायचं? (त्याच पत्रातला पुढचा प्रश्न)

श्वास आत घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येणं. आडवं पडलं की गुदमरणं, म्हणून उठून पुढे वाकून बसणं. लाळ गिळता न आल्यानं ती तोंडातून गळणं. आवाज घोगऱ्याचा एकदम दबका, तोंडात घास असल्यासारखा होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि 'श्वासनळीचा त्रास आहे, मानेला गाठ आहे' असं स्पष्ट सांगा. रुग्णाला त्याला हवं तसं बसू द्या, बळेच झोपवू नका. पाणी, काढा, गोळी काही देऊ नका. पुढे भूल द्यावी लागू शकते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबून राहू नका. श्वासाची वाट अरुंद होत असतानाही माणूस जोर लावून श्वास घेतो आणि आकडा ९७-९८ दाखवत राहतो. तो खाली यायला लागतो तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो.

ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. मानेत गळू घेऊन आलेले रुग्ण आठवड्याला दोन-तीन तरी असतात. त्यातला हा कसा ओळखायचा? आणि चीर देऊन पू काढला तर काय बिघडेल? (गडहिंग्लज)

जागा बघा. हायॉइड आणि थायरॉइड कूर्चा यांच्या मधल्या पातळीवर, मध्यरेषेच्या बाजूला, स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूच्या पुढे ही गाठ असते आणि गिळताना स्वरयंत्राबरोबर वर सरकते. ब्रँकियल सिस्ट स्नायूच्या पुढच्या कडेखालून डोकावते आणि गिळताना सरकत नाही. थायरोग्लॉसल सिस्ट मध्यरेषेत असते आणि जीभ बाहेर काढली की वर जाते. क्षयाच्या गाठी बहुधा एकापेक्षा जास्त, एकमेकींना चिकटलेल्या आणि मागच्या बाजूलाही सापडतात. दातातून उतरलेलं गळू जबड्याच्या हाडाखाली असतं, आणि तोंड उघडून दात वाजवून पाहिला की बहुतेक वेळा मूळ कळतं.

मग आवाज ऐका. मानेतलं साधं गळू आवाज बदलत नाही. गाठ अधिक बदललेला आवाज दिसला की स्वरयंत्र पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडायचं नाही, हा नियम करून टाका.

नाक-तोंड दाबून जोर करायला सांगितलं की हवेची पिशवी फुगते आणि वरून दाबली की गुळगुळ किंवा फुस्स असा आवाज येऊन लहान होते. ब्राइसचं चिन्ह ते हेच. पण पू झाल्यावर तोंड बंद असतं, त्यामुळे हे चिन्ह बहुधा मिळत नाही. ते नाही म्हणून आजार नाही असं समजू नका. शिवाय पुवानं भरलेली, ताणलेली पिशवी जोरानं दाबू नका. आतल्या बाजूला फुटली तर पू थेट श्वासनलिकेत जातो.

सीटीची सोय नसेल तरी मानेचा पुढून आणि बाजूनं असा साधा एक्स-रे काढा. स्वरयंत्राच्या बाजूला हवेचा कप्पा आणि त्यात सपाट द्रवरेषा दिसली तर निदान जवळजवळ हातात आलं. कातडीखाली आणि छातीत पसरलेली हवाही त्याच फिल्मवर शोधा.

आता चीर. साध्या गळवासारखी चीर देऊन पू काढला तर त्या दिवशी रुग्णाला बरं वाटेल, पण पिशवीचं अस्तर मागे राहतं. जखम भरत नाही, तिथून स्राव आणि हवा येत राहते, किंवा वरून भरून आत पुन्हा पू होतो. पुढे मूळ शस्त्रक्रिया करायची वेळ येते तेव्हा त्याच जागी व्रण असतो आणि सुपीरियर लॅरिंजियल मज्जातंतू त्या व्रणात अडकलेला असतो. दुसरं म्हणजे, वाट अरुंद असलेल्या रुग्णाला चीर देण्यासाठी आडवं करणं आणि झोपेचं इंजेक्शन देणं, यातच जीव जाऊ शकतो.

तुमच्या हातात असलेलं काम असं: रुग्ण बसलेला, ऑक्सिजन, शिरेत सलाईन. डेक्सामेथासोन ८ मि.ग्रॅ. शिरेतून. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट १.२ ग्रॅम शिरेतून दर ८ तासांनी, किंवा सेफ्ट्रिॲक्सोनबरोबर मेट्रोनिडाझोल ५०० मि.ग्रॅ. दर ८ तासांनी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन ६०० मि.ग्रॅ. दर ८ तासांनी. शिट्टी वाजत असेल तर १:१००० ॲड्रेनॅलिन १ मि.ली., ४ मि.ली. सलाईनमध्ये मिसळून नेब्युलायझरनं. त्याचा परिणाम दोनेक तासांत ओसरतो, त्यामुळे 'आता बरा आहे' म्हणून रेफरल पुढे ढकलायचं नाही. तेवढ्या वेळात रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचवायचा. साखर तपासा. मधुमेह असेल तर पू झपाट्यानं वाढतो.

गाठ बाहेरून ताणलेली असेल आणि हात बसलेला असेल तर १८ गेजच्या सुईनं, शक्यतो सोनोग्राफीत बघून, पू ओढून घेता येतो. काही मि.ली. निघाला तरी आतला ताण कमी होतो आणि पुढच्या प्रवासाला थोडी उसंत मिळते. सिरिंजमधली हवा काढून, टोपण लावून ती तशीच कल्चरला पाठवा. विनाऑक्सिजन वाढणारे जंतू स्वॅबवर टिकत नाहीत. एक भाग झेडएन स्टेन आणि सीबीनॅटसाठी ठेवा. आपल्याकडे मानेतला पू क्षयाची तपासणी केल्याशिवाय टाकून द्यायचा नसतो.

सीटी झालं, मग पुन्हा नाकातून दुर्बीण, मग म्हणे भूल देऊन आणखी एक दुर्बीण. एकच तपासणी पुरत नाही का? (बार्शी)

तिन्हींचं काम वेगळं आहे. नाकातून घातलेली लवचीक दुर्बीण बाहेर बसल्या बसल्या, जागेपणी होते आणि ती सर्वांत आधी व्हायला हवी. तिच्यात खोटा स्वरतंतू आणि त्याच्या वरची घडी गुळगुळीत फुगलेली दिसते, वरचं अस्तर शाबूत असतं, आणि त्या बाजूचा खरा स्वरतंतू झाकला गेलेला असतो. वाट किती मिलिमीटर उरली आहे, हे इथेच कळतं. रुग्णाला सीटीच्या टेबलावर आडवं करता येईल की नाही हा निर्णयही यावरच ठरतो. दुर्बिणीत वाट निम्म्याहून कमी असेल तर आधी वाट सुरक्षित, मग सीटी. उलट क्रमानं केलेल्या सीटीच्या टेबलावर श्वास बंद पडू शकतो.

सीटी कॉन्ट्रास्ट (चित्रात चमक आणणारं शिरेतलं औषध) देऊन, हायॉइडच्या वरपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत, १ मि.मी.च्या आसपासच्या चकत्यांत काढावं आणि समोरून उभा छेद मागून घ्यावा. त्या उभ्या छेदात डमरूची कंबर दिसते आणि पिशवी पडद्यातून बाहेर आली आहे की नाही याचा वाद मिटतो. पू असेल तर आत हवा-द्रव रेषा आणि भिंत जाड, कॉन्ट्रास्टनं चमकणारी. भिंत एका बाजूलाच ओबडधोबड जाड असेल, कूर्चा खाल्ली गेली असेल, शेजारी गाठी असतील, तर कॅन्सरचा संशय धरायचा. कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी, करावी लागते. नुसता घट्ट स्राव आणि मांसाची गाठ यात सीटीवर गोंधळ झाला तर एमआरआय उपयोगी पडतो, पण दम लागलेल्या माणसाला त्या नळीत पाऊण तास झोपवणं शक्य नसतं.

भूल देऊन केलेली तिसरी तपासणी खाच उघडून बघण्यासाठी. ३० आणि ७० अंशांच्या दुर्बिणीनं खाचेचा तळ दिसतो, जो जागेपणी कधीच दिसत नाही. तुकडाही तिथूनच घेतात. बहुतेक ठिकाणी ती शस्त्रक्रियेच्या वेळी, त्याच भुलीत होते.

भूलशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. अशा रुग्णाला भूल देताना क्रम काय ठेवावा? (नागपूर)

मिश्र आणि अंतर्गत प्रकारात खरी परीक्षा चिरेपेक्षा नळी घालताना होते. म्हणून यावर जरा सविस्तर.

भूल देणारा आणि चीर देणारा यांनी ऑपरेशन थिएटरबाहेर, नाकातल्या दुर्बिणीचं चित्र समोर ठेवून, तीन योजना ठरवायच्या: पहिली, ती फसली तर दुसरी, आणि ऑक्सिजन देता येत नाहीसा झाला तर तिसरी. ट्रॅकिओस्टॉमीचा (मानेतून थेट श्वासनलिकेत नळी घालण्याचा) ट्रे उघडून ठेवलेला, सर्जन हातमोजे घालून उभा, मानेवर क्रायकोथायरॉइड पडदा (थायरॉइड कूर्चेच्या लगेच खालचा) मार्करनं आखलेला. गाठीनं कंठ बाजूला सरकलेला असतो आणि घाईत मध्यरेषा सापडत नाही, म्हणून ही खूण आधीच, शक्य असल्यास सोनोग्राफीनं.

स्नायू शिथिल करणारं औषध नळी आत जाईपर्यंत नको. मास्कनं दाब देऊन श्वास देण्याचाही मोह टाळा. त्याची कारणं दोन. शिथिल झालेल्या घशात फुगलेला खोटा स्वरतंतू झाकणासारखा खाली बसतो, आणि पिशवीचं तोंड पूर्ण बंद नसेल तर दाबाची हवा आत घुसून परत येत नाही, पिशवी अजून फुगते. पहिल्या दोन-तीन दाबांत छाती उचलते आणि नंतर अचानक बंद पडते, ती याचमुळे.

वाट बऱ्यापैकी उरली असेल तर जागेपणी, बसलेल्या स्थितीत, नाकातून लवचीक दुर्बिणीवर नळी. ग्लायकोपायरोलेट ०.२ मि.ग्रॅ. आधी, नाकात ऑक्सिमेटॅझोलिन, मग लिग्नोकेन थोडं थोडं. सगळ्या मार्गांनी मिळून ९ मि.ग्रॅ. प्रति किलोपलीकडे नाही, आणि ते किलो चरबी वगळलेल्या वजनाचे. नळी बारीक घ्या, ६.० किंवा ५.५. टोक पिशवीवर घासू देऊ नका. फुटली तर तोंडात पू येतो. जाड यांकावर सक्शन चालू स्थितीत उशाशी हवं. नुसतं लिग्नोकेन फवारतानाही रुग्ण खोकून वाट बंद करू शकतो, म्हणून फवारताना सर्जन खोलीत असला पाहिजे.

वाट फारच अरुंद असेल, रुग्ण आडवा होऊ शकत नसेल, किंवा लवचीक दुर्बीण चालवणारा सराईत हात नसेल, तर सरळ जागेपणी ट्रॅकिओस्टॉमी. २ टक्के लिग्नोकेन आणि ॲड्रेनॅलिन, पाठ ४५ अंशांत उंच, दुसऱ्या-तिसऱ्या कड्यामधून. हिला हार समजण्याची जी वृत्ती आहे ती सोडा. योजना म्हणून शांतपणे केलेली ट्रॅकिओस्टॉमी दहा मिनिटांचं काम आहे. निळ्या पडलेल्या रुग्णात तीच रक्तानं माखलेली झटापट होते. शेवटची योजना म्हणजे १० नंबरचं ब्लेड, बूजी (नळी सरकवायची लवचीक काडी) आणि ६.० ची फुगा (कफ) असलेली नळी. पिशवी या जागेच्या वर असते, त्यामुळे क्रायकोथायरॉइड पडद्यातून केलेली वाट तिला टाळून जाते.

घशात बसवायच्या आय-जेलसारख्या साधनांवर इथे मदार ठेवू नका. अडथळा त्यांच्या खाली, स्वरयंत्रातच आहे.

एका सर्जननं लेझर सांगितलं, दुसऱ्यानं मान उघडून. आम्ही कोणाचं ऐकायचं? मान उघडतात म्हणजे नेमकं काय करतात? (ठाणे)

पिशवी कुठवर गेली आहे त्यावर ते ठरतं. फक्त आत असेल तर तोंडातून. मानेत आली असेल तर मान उघडून, किंवा दोन्ही वाटांनी मिळून. तुमच्या रिपोर्टात 'अंतर्गत' असेल तर पहिला सल्ला योग्य, 'मिश्र' असेल तर दुसरा. तोंडातून मिश्र पिशवी पूर्ण काढणारे सर्जन आहेत, रोबोटच्या साह्यानंही करतात, पण मानेतला मोठा कप्पा कंबरेतून मागे ओढून काढायला सराव लागतो. राहिलेला तुकडा पुन्हा फुगतो.

पू असताना लगेच की नंतर? श्वासाला धोका नसेल आणि औषधांना प्रतिसाद असेल तर आधी पू ओढून, अँटिबायोटिक देऊन, साधारण ३ ते ६ आठवड्यांनी थंड अवस्थेत, म्हणजे सूज उतरल्यावर, काढणं आम्हाला पटतं. सुजलेल्या अस्तराला टाका धरत नाही, आणि मज्जातंतू सुजेत ओळखू येत नाही. मात्र 'थंड अवस्था' म्हणत चार महिने लांबवलं तर दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट येतो. श्वास अडत असेल तर थांबायला जागाच नाही.

तोंडातून करताना सूक्ष्मदर्शक ४०० मि.मी.च्या भिंगानं लावतात आणि सीओटू लेझरनं खोटा स्वरतंतू पुढून मागे उघडून पिशवीचं छत आणि अस्तर काढतात. नुसतं भोक पाडून पू काढला तर ते भोक मिटतं. अस्तरच काढायचं किंवा तोंड एवढं रुंद करायचं की ते मिटणार नाही. लेझरच्या ठिणगीनं नळी पेटू शकते, म्हणून लेझरसाठीची खास नळी, नळीच्या फुग्यात (कफमध्ये) निळं केलेलं सलाईन, आजूबाजूला ओल्या पट्ट्या, ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली, नायट्रस ऑक्साइड नाही, रुग्णाच्या डोळ्यांवर ओलं गॉझ.

मानेतून करताना: हायॉइड आणि थायरॉइड कूर्चेच्या मधल्या पातळीवर, त्वचेच्याच सुरकुतीत ५ ते ६ सें.मी.ची आडवी चीर. प्लॅटिस्मा स्नायूखाली वरचा-खालचा पदर उचलतात. स्टर्नोमॅस्टॉइड मागे, पट्टीसारखे स्नायू पुढे ओढले की पडद्यातून बाहेर आलेली पिशवी समोर येते. इथून घाई नाही. सुपीरियर लॅरिंजियल मज्जातंतूची आतली शाखा आणि तिची धमनी अगदी त्याच जागेतून पडद्यात शिरतात जिथून पिशवी बाहेर पडते, आणि पुष्कळदा ती शाखा पिशवीच्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्यासारखी ताणलेली असते. ती आधी शोधून, वेसल लूपनं (मऊ रबरी दोरीनं) हळूच बाजूला घेऊन, मगच पिशवीला हात. ही शाखा तुटली तर त्या बाजूच्या घशाची संवेदना जाते आणि पाणी पिताना ठसका लागू लागतो. बाहेरची शाखा खाली जाते. ती दुखावली तर वरच्या पट्टीचा सूर जातो. गाणाऱ्यांना हे आधी सांगणं सर्जनचं काम आहे.

पिशवी कंबरेपर्यंत सोडवली की पडद्यापाशी वाट अपुरी पडते. तेव्हा थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेवरचं आवरण खाली सोलून कूर्चेचा मागचा वरचा लहान त्रिकोणी तुकडा काढतात. पिशवी खाचेच्या तोंडापर्यंत माग काढत नेऊन तिथे मुळाशी बांधतात, कापतात आणि टोक आत उलटवून शिवतात. मूळ लांब ठेवलं तर आजार परत येतो. फार आत ओढून कापलं तर खऱ्या स्वरतंतूपाशी भोक पडतं. आवरण आणि स्नायू परत शिवून सक्शन ड्रेन ठेवतात. पिशवी पूर्ण पाठवली पाहिजे तपासणीला, नुसता पू नाही.

सनई वाजवतो. मुलगाही शिकतोय. फुंकून फुंकून हा आजार होतो असं ऐकलं. थांबवू का? (फलटण)

थांबवू नका. फुंकवाद्य वाजवणाऱ्यांच्या तपासणीत हवेच्या लहान पिशव्या बऱ्याच जणांत आढळल्या आहेत, पण त्यातल्या बहुतेकांना काहीही त्रास नव्हता. घशातला दाब वारंवार वाढणं हे कारणांपैकी एक मानलं जातं. काच फुंकणारे, जुनाट खोकल्याचे रुग्ण, जड वजन उचलणारे यांच्यातही तेच. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या दॉमिनिक जाँ लारे या सर्जननं मिनारावरून अजान देणाऱ्यांच्या मानेत अशा हवेच्या गाठी पाहिल्या आणि १८२९ मध्ये त्या लिहून ठेवल्या. वाजवताना मान एका बाजूला फुगते, वाजवून झाल्यावर बसते, किंवा आवाज बदलतो, असं काही असेल तर दुर्बिणीनं दाखवा. नुसते गाल फुगणं म्हणजे हा आजार नव्हे.

हळदीचा लेप आणि शेक दिला तर पू पिकून आपोआप बाहेर येईल ना? (परळी)

नाही. हा पू कातडीखाली नाही, स्वरयंत्राच्या भिंतीत आहे. बाहेर येण्याऐवजी तो आत, श्वासनलिकेत फुटण्याचीच शक्यता जास्त.

आईची मानेतून शस्त्रक्रिया झाली. नाकात नळी, मानेला ड्रेन, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी. हे सगळं कधी निघेल? आणि घरी काय जपायचं? (सावंतवाडी)

ड्रेन साधारण २४ ते ४८ तासांत, २४ तासांचं पाणी २० मि.ली.च्या खाली आलं की काढतात. ड्रेनच्या बाटलीत एकदम ताजं रक्त भरलं किंवा मान झपाट्यानं टणक झाली तर सिस्टरांना लगेच बोलवा; आत रक्त साचून श्वासावर दाब येतो आणि टाके तिथेच खाटेवर उघडावे लागतात.

घशाचं अस्तर उघडलं गेलं असेल तर नाकातल्या नळीनं ३ ते ५ दिवस पातळ अन्न. नसेल तर दुसऱ्या दिवसापासून तोंडानं. पहिले काही दिवस पेज, मऊ भात, खिमट हे घट्टसर पदार्थ नुसत्या पाण्यापेक्षा सोपे जातात, कारण पाणी पटकन घसरतं आणि ठसका लागतो. गिळताना हनुवटी छातीकडे वाकवायला सांगा. ठसका रोजच लागत असेल, किंवा जेवणानंतर ताप येत असेल, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

ट्रॅकिओस्टॉमीची नळी दुर्बिणीनं आतली सूज उतरलेली पाहूनच काढतात, बहुधा ५ ते ७ दिवसांत. आधी लहान मापाची नळी, मग बूच लावून २४ तास, मग काढणं. त्यानंतरचं भोक आपोआप भरतं. बोलताना-खोकताना त्यावर बोटानं गॉझ दाबून धरायला शिकवा, नाहीतर हवा तिथूनच निघत राहते आणि भरायला उशीर लागतो. आतली नळी रोज काढून धुणं तोवर तुमच्याकडे असेल. ती पाण्याखाली ब्रशनं, आत खपली न ठेवता.

टाके सातव्या दिवशी. अँटिबायोटिक ७ ते १० दिवस, कल्चरचा रिपोर्ट बघून. आवाजाला दोन-तीन दिवस विश्रांती, आणि कुजबुजही नको, कारण कुजबुजताना स्वरयंत्रावर उलट जास्त ताण येतो. ४ ते ६ आठवडे कळशी उचलणं, कुंथणं, जोरात ओरडणं टाळायचं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. तपासणीला २ आठवड्यांनी, ६ आठवड्यांनी, मग ३, ६ आणि १२ महिन्यांनी. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती घेतल्याशिवाय फाइल बंद झाली असं मानू नका. त्यात श्वासमार्गाचं नेहमीचं अस्तर आणि जुनाट सूज एवढंच असेल तर चांगलं.

नातू दीड महिन्याचा आहे. रडताना घशातून आवाज येतो. हेच असेल का? (पणजी)

असू शकतं, पण त्या वयात श्वास घेताना आवाज येण्याचं नेहमीचं कारण स्वरयंत्राच्या मऊ कूर्चा हे असतं आणि ते बहुतेक बाळांत दीड-दोन वर्षांत आपोआप जातं. बाळांमध्ये या पिशवीतल्या स्रावाची गाठ जन्मजात असू शकते. दूध ओढताना थांबावं लागतं, वजन वाढत नाही, ओठ निळसर होतात, किंवा रडण्याचा आवाज दबका आहे, यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांमार्फत याच आठवड्यात दुर्बिणीनं दाखवा. यातलं काहीच नसेल तरी पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना तो आवाज ऐकवा. मोबाइलवर रडण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून नेला तरी चालेल, कारण दवाखान्यात बाळ नेमकं झोपलेलं असतं.

शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेत बसतो का? (हिंगोली)

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या काही शस्त्रक्रिया येतात. तुमची बसते की नाही हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे विचारा, आणि भरती होण्याआधी विचारा. रेशन कार्ड, आधार, सीटीचा रिपोर्ट आणि त्याची सीडी सोबत न्या. फिल्मवर उभा छेद बहुधा नसतो. सीडी नसेल तर सर्जन दुसरं सीटी काढायला सांगतील.